आदी तू खा

कल्हई आळीत राहायला आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गृहप्रवेशाचा शिरा घेऊन समोरच्या घरी गेले. दारात हलीमाचाची उभ्या होत्या. साठी उलटलेली, कपाळापर्यंत ओढलेला पदर आणि समोरच्या माणसाची झडती घेणारे डोळे. त्यांनी वाटी घेतली, नाकाशी नेली, उजेडात तिरपी करून तूप पाहिलं आणि परत माझ्यापुढे धरली.

"आदी तू खा."

"अहो चाची, मीच केलाय."

"म्हणून तर. जिनं केलं तिनं आदी खायाचं."

मी उंबऱ्यावर उभी राहून माझाच शिरा खाल्ला. मी गिळला याची खात्री झाल्यावर चाचींनी वाटी घेतली आणि दार लावलं. रागानं माझं डोकं फिरलं होतं. जातीधर्माचं काहीतरी असेल अशी मी समजूत करून घेतली. ती समजूत ईदेला मोडली. चाची शीरखुर्म्याचा डबा घेऊन आल्या, माझ्याकडून चमचा मागून घेतला, माझ्यासमोर दोन चमचे खाल्ले आणि डबा माझ्या हातात दिला. "मी खाल्लं. आता तू खा." म्हणजे नियम सगळ्यांना सारखाच होता.

त्यांचे यजमान कल्हईवाले. कराडची ही सगळी आळीच त्या धंद्याची होती. पुढं घरोघरी स्टील आलं आणि भट्ट्या विझल्या. चाचा जाऊनही बरीच वर्षं झाली होती, पण त्यांची एक शिकवण चाचींनी जपून ठेवली होती. कथिलात शिसं मिसळलं की कल्हई स्वस्त पडते आणि दिसायला तशीच दिसते. ओळखायचं कसं? भांड्याला आतून पांढरं फडकं घासायचं. काळं उतरलं तर खोट आहे. चाचींच्या कमरेला असं एक फडकं कायम खोचलेलं असे. आता कल्हई राहिली नव्हती, तरी त्या ते हळदीवर घासत, तिखटावर घासत, एकदा तर माझ्या नव्या कुकरलाही आतून घासून गेल्या. "आदी फडकं फिरव, मग इस्वास ठेव," असं त्या म्हणायच्या. माणसांवरही त्या डोळ्यांनी तेच फडकं फिरवायच्या.

त्यांची आणखी एक खोड होती. तेलाची पिशवी, चहाचा पुडा, मिठाचं पाकीट, काही म्हणून त्या फेकत नसत. रिकामा कागद धुवायचा, दोरीवर वाळवायचा आणि महिन्याचे सगळे दाभणानं ओवून पलंगाखाली ठेवायचे. मी विचारलं तर म्हणाल्या, "उंद्या पोटात कळ आली तर डाक्टरला काय दावू? माजं त्वांड? कागद दावला की त्येला कळंल, कुनी मारलं ते."

आळी तोवर पार बदलली होती. भट्ट्यांच्या जागी पाच इमारती उभ्या राहिल्या, इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं भाड्यानं आली, माझ्यासारखे नोकरदार आले. बदललं नव्हतं ते फक्त कोपऱ्यावरचं किराणा दुकान. गुटख्याच्या माळा आणि वेफर्स हवे तेवढे मिळायचे, पण रव्यात अळ्या, पोह्यात जाळी आणि ज्वारी विचारली की मालक हसायचा. चाचींना साखरेचा आजार. डॉक्टरांनी ज्वारी, नाचणी, सालाच्या डाळी खायला सांगितलेल्या. त्यासाठी त्यांना दुखऱ्या गुडघ्यांनी मंडईपर्यंत जावं लागे, आणि ज्या आठवड्यात गुडघे चालू देत नसत त्या आठवड्यात त्या कोपऱ्यावरचा पांढरा पाव चहात बुडवून खात. चांगल्या दुकानाची आळीत सगळ्यात जास्त गरज कुणाला असेल तर ती त्यांना.

सांगलीच्या पेठेत मगदूमशेठ म्हणून एका व्यापाऱ्याची दोन चांगली दुकानं होती आणि त्यांना कराडात तिसरं काढायचं होतं. मी हायस्कुलात क्लार्क, अर्ज लिहिण्यात माझा हात कोण धरणार? आळीच्या सह्या घेतल्या, पत्र धाडलं, चार फोन केले. शेठ म्हणाले, "बाई, आधी वस्तीत काय खपतंय ते बघू द्या." आणि त्यांनी दोन मुली पाठवल्या. गळ्यात ओळखपत्रं, हातात मोबाईल. तुमच्या घरात माणसं किती, महिन्याला तेल किती लागतं, साखर किती, असं घरोघर विचारत त्या फिरू लागल्या.

नेमकी मी त्या दिवशी शाळेत होते. चाचींनी पहिल्याच दारात त्यांना गाठलं, दोन प्रश्न ऐकले आणि मागच्या बोळातून त्यांच्या आधी सगळ्या आळीत जाऊन आल्या. "तेल किती खाता, साखर किती खाता, हे कोन इचारतं? ज्येला आपलं केशरी कार्ड काढून घ्याचं हाय त्यो. रेशन बंद हुईल. कमी सांगा."

मग काय विचारता! सहा माणसांच्या घरात महिन्याला तेल अर्धा किलो. साखर? आम्ही गूळ खातो. गूळ किती? तो सणाला. एका घरात दारातच तेलाचा डबा होता, त्याच्यावर चादर टाकून म्हातारीला बसवलं होतं. इमारतीतल्या शिकलेल्या लोकांनाही इन्कम टॅक्सची शंका आली, त्यांनी सुका मेवा साफ नाकारला. आठवड्यानं शेठचा फोन आला. "बाई, तुमच्या आळीत माणसं राहतात का हवा खाणारे साधू? मी हायवेकडची जागा बघतोय."

चाचींनी काय केलं ते मला कळलं तेव्हा मी तडक त्यांच्या दारात गेले. माझ्याही डोक्यात शंकेनं घर केलं होतं. कोपऱ्यावरचा दुकानदार त्यांना अधूनमधून नमस्कार करायचा, ते मी पाहिलं होतं. मी तोंडाला येईल ते बोलले. "चांगलं दुकान येऊ नये म्हणून त्या कोपऱ्यावरच्यानं तुम्हाला काय दिलं?"

चाचींनी कमरेचं फडकं काढून माझ्या हातात दिलं.

"फिरवलंस न्हवं माज्यावर? बरं केलंस. आता उजेडात बघ, काळं उतरलं का."

मला मान वर करवेना. आजही ते वाक्य आठवलं की लाज वाटते. मी शेठच्या मुली कशासाठी आल्या होत्या ते त्यांना नीट समजावून सांगितलं, जे मी आधीच आळीत सांगायला हवं होतं. चाचींनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "मग चूक माजी हाय. म्हैनाभर थांब."

दुसऱ्या दिवसापासून त्या दारोदार रिकाम्या पिशव्या मागत फिरू लागल्या. इतकी वर्षं आळीला संशय शिकवला, तो आता त्यांच्यावरच उलटला. चाची कागद कशापाय गोळा करत्यात? बोगस माल भरून इकनार का? कुणी भंगाराचा धंदा काढला म्हणालं, कुणी करणीपर्यंत गेलं. लोकांनी कागद दिले, पण प्रत्येकानं आडवी कात्री मारून, म्हणजे परत भरायला नको. चाची त्या चिरलेल्या पिशव्या मला दाखवत आणि समाधानानं म्हणत, "हुशार हाईत. मीबी ह्येच केलं असतं."

महिना संपला तेव्हा तीन पोती भरली होती. ती घेऊन आम्ही दोघी एस.टी.नं सांगलीला निघालो. कंडक्टर पोती मागं ठेवायला सांगत होता, चाची ऐकेनात. "मागं टाकल्यावर कोन काय बदलंल, सांगता येतंय व्हय?" एक पोतं त्यांच्या मांडीवर, एक माझ्या, एक दोघींच्या पायात, अशा आम्ही सांगलीपर्यंत गेलो. तेलाचा वास साडीतून दोन धुण्यांनीही गेला नाही.

मगदूमशेठ गल्ल्यावर होते. चाचींनी काही न बोलता तिन्ही पोती त्यांच्या स्वच्छ फरशीवर ओतली. गिऱ्हाइकं मागं सरली.

"ह्यो आमच्या आळीचा म्हैना. आमी काय खातो ते बघा."

शेठ खाली बसले. तेलाच्या पिशव्या एकीकडं, चहा एकीकडं, बासमतीचे कागद, बदामाचे कागद. बराच वेळ ते वेगळे करत राहिले. मग वर बघून म्हणाले, "मग माझ्या पोरींना खोटं का सांगितलंत, चाची?"

"आवं, आमाला काय ठावं तुमी कोन? दोन पोरी आल्या त्या थेट आमच्या डब्यात शिरल्या. तुमच्या घरी कोन असं आलं तर तुमी खरं सांगाल का?"

शेठ हसले. तेवढ्यात चाचींनी दुकानातल्या पोत्यातला तांदळाचा दाणा उचलून दाताखाली धरला. कट्ट आवाज आला. "जुना हाय. बरा हाय," त्या म्हणाल्या आणि लगेच अट घातली. "दुकान टाका. पर समदं पाकिटात बंद नगं. धान्य उगड्या पोत्यात ठेवा. दातानं बघता आलं पायजे."

दुकान आलं. उद्घाटनाचा पेढा चाचींनी शेठना आधी खायला लावला आणि मग घेतला. भिंतीकडेनं उघड्या पोत्यांची रांग, ज्वारी, नाचणी, सालाची मूगडाळ, सगळं होतं. चाची रोज सकाळी जायच्या, दाणा चावायच्या, फडकं फिरवायच्या. त्यांच्यासाठी तिथं एक स्टूल ठेवलेलं असे. एकदा त्यांनी तुरीची डाळ तोंडातून काढून ठेवली, तर त्या दिवशी आळीत कुणी तूर घेतली नाही, आणि शेठनी पोतं बदललं. मला वाटतं त्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात सुखाचं वर्ष होतं.

थंडीत त्या आजारी पडल्या. दवाखान्यातही त्यांनी नर्सकडून गोळ्यांची रिकामी पाकिटं मागून उशीखाली ठेवली होती. सलाईनची बाटली बदलली की नाव वाचून दाखवायला लावायच्या. ते बघून मला धीर यायचा. संशय आहे तोवर चाची आहेत, असं मी मनाशी म्हणायची.

एका दुपारी मी त्यांच्यासाठी मऊ भात करून नेला. त्यांनी विचारलं, "तांदूळ?"

"आपल्या दुकानातला."

त्यांनी मान हलवली आणि तोंड उघडलं. मी चमचा हातात धरून तशीच थांबले. त्या काहीतरी म्हणतील म्हणून वाट बघितली. त्या काही म्हणाल्या नाहीत. नुसत्या माझ्याकडं बघत होत्या, झडती न घेता. मला एकदम रडू फुटलं.

मी तो पहिला घास स्वतः खाल्ला, त्यांना दिसेल असा गिळला, आणि म्हटलं, "मी खाल्लं, चाची. आता तुम्ही खा."