पंप मी बसवला होता

हे मी बायकोले सांगितलं नाही. सख्ख्या भावाले नाही. चार घोट पोटात गेल्यावरही नाही — अन् तेव्हा माणूस काय काय बकून जाते, तुम्हाले माहीतच आहे. अठरा-वीस वर्षं झाली. आता सांगतो म्हटलं तर कुठून सुरू करू? पंपापासून करतो. पंपाचं बोलताना माझी जीभ अडत नाही, मिस्त्री आहे मी. पुढं कुठं अडली तर समजून जा, तेच सांगायचं होतं.

नागपूरच्या बाहेर वाडीले, अमरावती रोडवर माझं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे काय — चार टिना, एक बाभूळ अन् मी. एका शेठचा ट्रक माझ्याकडे यायचा. मिलिटरीच्या लिलावातला जुना, पेट्रोलवर चालणारा. शेठनं त्यात दुसऱ्या गाडीचं मोठं इंजिन टाकलं होतं, मागची बॉडी हातभर लांबवली होती. इंजिन मोठं झालं, पण त्याले पेट्रोल पाजणारा पंप तोच जुना, मरतुकडा. त्यात आमच्या नागपूरचा मे महिना! नळीतल्या नळीत पेट्रोलची वाफ व्हायची, अन् भर रस्त्यात खोकत खोकत गाडी उभी. मग ड्रायव्हरनं उतरायचं, पंपावर ओलं बारदान टाकायचं अन् सावली पाहून बसायचं. सगळेच करायचे तसं.

त्या गाडीचा ड्रायव्हर सुदामभाऊ. आम्ही दोघं सक्करदऱ्याकडच्या एकाच वस्तीतले, तो माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. छप्पन साली आमच्या घरच्यांनी सोबतच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या दिवशी त्यानं खिशातला बिडीचा कट्टा काढून फेकला, तो फेकलाच. लोक चिडवायचे — अरे, पंचशीलात दारूले मनाई आहे, बिडीले कुठं आहे? तो म्हणे, नशा ते नशा, मी माझ्या तोंडानं बोललो आहे. ड्रायव्हर माणूस अन् बिडी ओढत नाही! हसायचे सगळे. पण वस्तीत कोणाचं भांडण झालं की बोलावणं त्यालेच जायचं, कारण हा माणूस खोटं बोलत नाही. ... हे मी आधीच सांगाले पाहिजे होतं. काहून टाळून राहिलो होतो, कोणास ठाऊक.

तर पंप. शेठनं कबाडातून बॅटरीवर चालणारा एक दांडगा पंप आणला. चाबी फिरवली की टकटक करत सुरू. बसवून दे म्हणाला. आता असा पंप लावला तर एक काम करावंच लागते — जास्तीचं पेट्रोल टाकीत परत न्याले दुसरी नळी टाकायची. नाही टाकली तर कार्बोरेटरले तो जोर झेपत नाही, पेट्रोल बाहेर सांडते. हे मले माहीत नव्हतं का? होतं. चांगलं माहीत होतं.

पण परतीच्या नळीसाठी टाकीले भोक पाडावं लागते, तिथं तोटी जोडावी लागते. म्हणजे टाकी उतरवा, धुवा, पाण्यानं भरा, अन् मग तिले गॅसची ज्योत लावा. मागच्या गल्लीत एकाचा ड्रम असाच फुटला होता. त्या माणसाले उचलाले मी गेलो होतो. तेव्हापासून पेट्रोलच्या टाकीजवळ ज्योत न्यायचं काम आलं की मी काहीतरी निमित्त काढून टाळायचो. दुसऱ्या वेल्डरले सांगता आलं असतं ना? आलं असतं. पण मग म्हणावं लागलं असतं — मले भीती वाटते. मिस्त्रीनं असं म्हणायचं? शेठसमोर? मी म्हटलं, परतीच्या नळीची गरजच नाही. सुदामभाऊनं विचारलं होतं, "बाकीच्या गाड्याले तर असते ना गा?" मी त्याच्यावरच गुरकावलो — तू गाडी चालव, मिस्त्री मी आहे.

पंप बदलला की पहिल्या फेरीले मिस्त्रीनं सोबत जायचं, अशी रीत होती. मी गेलो. कुही गावाकडून तेंदूपत्त्याची, म्हणजे बिडीच्या पानांची, पोती भरून येत होतो. गाडी काय पळत होती, बाप्पा! भर दुपारी एकदाही खोकली नाही. सुदामभाऊ पोरासारखा खूश. दोनदा मात्र म्हणाला, मिस्त्री, वास येऊन राहिला गा. मी म्हटलं, नवा पंप आहे, येईल दोन दिवस.

रस्त्यावरच्या एका टपरीवर चहा घेतला. तो आधी उठला, गाडीत चढला. मी माठातलं पाणी पीत होतो. त्या गाडीत इंजिन आतच असायचं, ड्रायव्हरच्या गुडघ्याशी, टिनाच्या झाकणाखाली. त्यानं चाबी फिरवली, पंपाची टकटक मले ऐकू आली, मग त्यानं स्टार्टर मारला — अन् ठिणगीसरशी भक्कन जाळ. तो दारातून खाली पडला, डोकं दगडावर आपटलं. दोन्ही हात कोपरापर्यंत पेटलेले. टपरीवाल्यानं त्याले ओढला. मी नाही. मी गिलास धरून उभा होतो.

दवाखान्यात शेठनं विचारलं, कसं झालं? अन् मी म्हटलं, "त्यानं बिडी पेटवली."

कोणी शिकवलं नव्हतं मले. आपोआप निघालं तोंडातून. अन् लोकांनी काय पटकन मानलं हो! ड्रायव्हर, मागं तेंदूपत्ता, उन्हाळा — कोण शंका घेईल? जळलेल्या पंपाकडे कोणी पाह्यलंही नाही.

तो वाचला. बोटं एकमेकाले चिकटली, स्टिअरिंग कायमचं सुटलं. ते माझ्या भित्रेपणानं झालं. पण पुढचं तर मी शुद्धीत केलं.

वच्छलावहिनी, त्याची बायको, चारचौघांत म्हणायची — बारा वर्षं मले फसवलं या माणसानं. तो म्हणे, नाही वं, मी नाही ओढली. कितीतरी महिने म्हणत राहिला. डोक्याले मार लागल्यानं त्याले चहानंतरचं काहीच आठवत नव्हतं. सगळं जग एक सांगते अन् आपल्याले आठवत नाही — माणूस किती दिवस तग धरेल?

एका दुपारी तो चालत वाडीले आला. एवढ्या लांब, उन्हात. टायरवर बसला. म्हणाला, "मिस्त्री, तिथं तूच होता. खरं सांग गा, मी ओढून राहिलो होतो का?"

शेठ नव्हता. पोलीस नव्हता. आम्ही दोघंच होतो. अन् तो माझं ऐकाले आला होता, मी जे म्हणेन ते मानाले आला होता. एक 'नाही' म्हणायचं होतं. मी त्याच्या तोंडाकडे पाह्यलं अन् म्हटलं, "हो, भाऊ."

त्यानं मान हलवली. मग बरोबर आहे लोकाचं, म्हणाला. मी पाणी दिलं, ते प्यायला अन् गेला.

पुढच्या पौर्णिमेले विहारात वंदना झाल्यावर तो उभा राहिला. हात नीट जुळत नव्हते, तसेच जोडले. म्हणाला, मी माझा शब्द मोडला, वरून तुमच्याशी खोटं बोलत राहिलो, मले माफ करा. वहिनी रडत होती. लोकाले भरून आलं, त्याच्या खरेपणाले सगळ्यांनी तीनदा साधू म्हटलं. मी तिसऱ्या रांगेत होतो. मीही म्हटलं, तीनदा.

सुदामभाऊ मागच्या हिवाळ्यात वारला. बिडी आपणच ओढली, असं समजून वारला.