नवस फिटेपर्यंत दोडका

अगं ये, जवळ येऊन बस जरा. पुण्यात असलीस म्हणून काय झालं, हे वाचताना तरी माझ्याजवळ बस. आणि तोंड एवढंसं करू नकोस. नवऱ्याला डॉक्टरनं मटण बंद करायला सांगितलं, तू पंधरवडाभर भाज्या रांधल्यास, त्यानं नाक मुरडलं आणि तू हात टेकलेस. वर मलाच फोनवर सांगतेस, "आजी, आमच्या घरात हे जमायचं नाही." पंधरवड्यात दमतं होय गं कुणी? भाकरी थापायला शिकवली तेव्हा पहिल्या दिवशी गोल आली होती का तुझी? मग गप बस आणि ऐक. आमच्या घरात हे कसं जमलं ते सांगते. जमलं कसलं, माझा जीव खाऊन जमलं.

तुझ्या आजोबांचं घर म्हणजे मटणाचं घर. रविवार आणि बुधवार हे वार आमच्यात कॅलेंडरावर बघायला लागत नव्हते, नाकाला कळायचे. इथल्या मंगळवार पेठेत आमच्या चार खोल्या आणि मागं परडं. आत स्वयंपाकघरात देव होते, म्हणून मटण आत शिजायचं नाही. त्याची चूल परड्यात, भांडी वेगळी, पळी वेगळी. आणि त्या चुलीची मालकीण मी नव्हे, आत्याबाई. म्हणजे माझ्या सासूबाई. रविवारी आतल्या चुलीवर मी भाकऱ्या भाजायची आणि घरातलं सगळं माणूस परड्यात पातेल्याभोवती. देव तेवढे आत राहायचे.

तुझे आजोबा तालमीतले. कुस्ती सुटली होती, पण खाणं सुटलं नव्हतं. उद्यमनगरात लेथवर कामाला होते. एकदा तिथं ओतीव लोखंडाचं एक जड कास्टिंग उचलायला गेले आणि घाम फुटून खालीच बसले. डावा हात दगडासारखा झाला म्हणाले. डॉक्टरकडं आम्ही दोघंच गेलतो. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "पैलवान, हा झटका हलका होता. दुसरा हलका असेल असं मी सांगू शकत नाही. मटण, अंडी, तळकट, रश्श्यावरचा तेलाचा कट, सगळं बंद."

बाहेर आल्यावर ह्यांचं पहिलं वाक्य काय असेल? "घरात कुणाला सांगायचं न्हाय."

"का?"

"का म्हंजे? तालमीत तोंड दाखवायचं हाय मला. पैलवान छाती धरून बसला म्हणत्याल. आणि आईला कळलं तर ती हातरूण धरंल."

आता न सांगता मटण बंद कसं करायचं, हे काही ह्यांनी ठरवलं नव्हतं. ठरवून काही करायची ह्यांना सवयच नव्हती. रविवार उजाडला. आत्याबाईंनी पिशवी हातात दिली, "मांडीचं आण. आणि नळ्या घालाय सांग, मागल्या खेपेला फसवलं त्यानं." हे पिशवी धरून तसेच उभे. मग म्हणाले, "आई, मटण बंद. नवस बोललोय मी."

"नवस? कशाचा?"

ह्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. खिडकीत आरसा टेकवून भावजी दाढी करत होते. माझे धाकटे दीर. तिशीला टेकले होते आणि दाखवलेल्या प्रत्येक पोरीत खोट काढत होते. एक उंच, एक बुटकी, एक फार बोलते, एक बोलतच नाही.

"धाकट्याचं लगीन होईपतोर ह्या घरात मटण शिजायचं न्हाय," हे म्हणाले.

भावजींनी गालच कापून घेतला. "दादा, माझ्या लग्नाचा आणि मटणाचा काय संबंध?"

"देवाला बोललोय. आता माघार न्हाय."

मी ह्यांना आत गाठलं. म्हटलं, नवस बोलायचा तर एकट्यापुरता बोलायचा, सगळ्या घराला कशाला बांधलं? तर म्हणतात, "वास आला की मी थांबायचो न्हाय. मला म्हाईत हाय माझं." हे मात्र खरं बोलले. म्हणून मी गप्प बसले. ह्यांचं गुपित माझ्या गळ्यात आणि सगळ्या घराची बोलणीही माझ्याच गळ्यात.

त्या दिवशी मी दोडका केला. का केला कुणास ठाऊक, घरात तोच होता. आत्याबाईंनी ताटाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "दोडका आजारी माणसानं खायाचा. हितं कोण आजारी हाय?" मी भाकरीची टोपली पुढं सरकवली. हे मान खाली घालून भाकरी मोडत होते.

मग माझी कसरत सुरू झाली. आख्खा मसूर केला, कांदा-लसूण चटणी घालून, तेल जेमतेम. भावजी म्हणाले, "वैनी, ह्यात पोहाय यील, पण कट कुठं हाय?" फ्लॉवर घालून पांढरा रस्सा केला, खोबरंसुद्धा हात आखडून घातलेलं. आत्याबाईंनी वाटी उजेडाकडं धरली. "हे कशानं पांढरं झालंय? चुन्यानं?" तुझा बाप तेव्हा असेल सात-आठ वर्षांचा. तो तर जेवायच्या वेळेला घरात सापडायचाच नाही. समोरच्या काकींच्या उंबऱ्यावर जाऊन बसायचा, असा बापुडवाणा चेहरा करून, की त्या माउलीनं त्याला जेवल्याबिगर कधी सोडलं नाही. एकदा भावजींच्या मित्रानं गगनबावड्याहून कोवळा फणस आणून दिला. तो मी मटणासारखा चिरला, चटणीत परतला, मंद आचेवर शिजवला. भावजी भाकरीवर भाकरी खात सुटले. मला वाटलं, जिंकलं! तर शेवटी ताट चाचपून म्हणतात, "सगळं झ्याक हाय वैनी, खरं हाड एक बी न्हाय!"

ही घरातली तऱ्हा. बाहेरची सांगते. आमच्या गल्लीत रीत होती, घरात रस्सा झाला की शेजारी वाटी जायची. आणि आलेली वाटी रिकामी परत करायची नाही. आमच्याकडं मटण शिजत नाही म्हटल्यावर गल्लीला आमची दया यायला लागली. नवस ह्यांच्या घराचा आहे, आपल्या घराचा नाही, असा हिशेब करून जो तो वाटी पाठवायचा. बुधवार झाला की दारात वाट्या. मी म्हणायची, "काकी, नगा हो पाठवू." त्या म्हणायच्या, "अगं, तुमच्या घरात शिजवायचं न्हाय म्हणालाय न्हवं? खायचं न्हाय असं कुठं म्हणालाय?" आणि आत्याबाई मागून, "खरं हाय की!" मी वाटीत मसूर भरून परत करायची. गल्लीतल्या पोरांनी त्या दिवसांत मसूर इतका खाल्ला, की माझ्यावर राग धरून होती.

पण मला खरी धास्ती त्या वाट्यांची नव्हती. एका संध्याकाळी हे तालमीकडून आले आणि नेहमीसारखे चुलीजवळ न येता लांबच बसले. मी म्हटलं, हात दाखवा. बोटांना लिंबाचा वास. आता मटणाचा वास लिंबानं जातो, पण लिंबाचा वास कशानं जाणार? मी हात सोडला. पाठमोरी होऊन कणीक तिंबत राहिले, आणि डोळ्यांतलं पाणी त्या कणकीत पडत होतं. हे मागून म्हणाले, "दोनच घास खाल्लं गं." मी म्हटलं, "डॉक्टरनं घास मोजायला सांगितलेत का? मला आणि पोराला कुणाच्या दारात बसवायचं ते तेवढं सांगून ठेवा, म्हणजे झालं." त्यानंतर लिंबाचा वास आला नाही. पण मी रोज हात हुंगायची. आत्याबाई बघायच्या आणि कपाळाला हात लावायच्या. सुनेला वेड लागलं असंच त्यांना वाटत असणार.

त्यांची परड्यातली चूल थंडच होती. पण दर रविवारी त्या ती शेणानं सारवायच्या, पातेलं घासून पालथं घालायच्या. लढाईला निघाल्यासारखी सगळी तयारी. आणि मग भावजींच्या मागं लागायच्या. "तुझ्यापायी माझ्या दातांना गंज चढला. ती कसबा बावड्याची पोरगी काय वाईट होती?"

शेवटी भावजींनीच हाय खाल्ली. मुरगूडची एक मुलगी बघायला गेले, पोहे खाल्ले, चहा प्यायले आणि तिथंच सांगून टाकलं, "पसंत हाय." आत्याबाई गाडीत बसल्यावर विचारतात, "आरं, पोरीचं तोंड तरी नीट बघितलंस का?"

"बघितलं की. नाकडोळं हायती. तारीख धरा."

घरात सगळे नाचायचे बाकी राहिले आणि मी मात्र कॅलेंडरावर दिवस मोजायला लागले. लग्न झालं की नवस संपला! आत्याबाईंनी तर त्याच दिवशी जाहीर केलं, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बकरं कापायचं. नवस फेडायला. आता बघ, मटण सोडल्याचा नवस फेडायचा कसा, तर बकरं कापून! हे आमच्याच घरात होऊ शकतं. मी ह्यांना म्हटलं, आता तरी आईला खरं सांगा. "सांगतो," म्हणाले. बस्ता झाला, हळद झाली, अक्षता पडल्या. रोज "सांगतो". ज्या माणसानं भल्याभल्यांना चितपट केलं, त्याला आईसमोर एक वाक्य बोलता येईना.

दुसऱ्या दिवशी बोळात मोठं पातेलं चढलं. मुरगूडचे पावणे आले, तालमीतले सगळे आले. पंगत बसली. नवस ह्यांचा, म्हणून पहिलं ताट ह्यांचं, आणि ह्यांनी घास घेतल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. आत्याबाई स्वतः वाढायला आल्या. त्यांनी शोधून शोधून मोठी नळी काढली, ह्यांच्या ताटात ठेवली, वरून कट ओतला. "खा लेकरा. लई दिस झालं."

मी भाताची परात घेऊन उभी होते. हे माझ्याकडं बघेनात. कपाळावर घाम आलेला. सगळी पंगत ह्यांच्या हाताकडं बघत बसलेली. ह्यांनी भाकरी मोडली, रश्श्यात बुडवली, घास वर आला.

मी परात खाली ठेवली आणि ह्यांच्या पुढ्यातलं ताट उचललं.

"सूनबाई!" आत्याबाई ओरडल्या. "डोकं ठिकाणावर हाय का तुझं?"

"आत्याबाई, नवस बिवस काय न्हाय!" मी पण तितक्याच मोठ्यानं ओरडले. "ह्यांना छातीचा झटका येऊन गेलाय. डॉक्टरनं मटण बंद केलंय. दुसरा आला तर…" ताटातला रस्सा माझ्या नव्या लुगड्यावर सांडत होता.

सगळी पंगत आत्याबाईंच्या तोंडाकडं बघायला लागली. आणि हळदीच्या अंगानं बसलेले भावजी म्हणाले, "म्हंजे, माझं लगीन उगंच झालं?"

आत माजघरात नवी नवरी बसली होती. तिनं ते ऐकलं. पुढं जन्मभर भावजींना तिनं ते वाक्य विसरू दिलं नाही, ते तुला ठाऊकच आहे. बाहेर मात्र कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळीच पंगत हसली. आत्याबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातातलं ताट काढून घेतलं, भावजींपुढं ठेवलं आणि ह्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या. बराच वेळ ह्यांच्या पाठीवरनं हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मुडद्या, मी रोज त्या नवसाला शिव्या घालत हुते. देवानं ऐकल्या असत्या तर?"

ह्यांनी आईच्या पदरात तोंड लपवलं. रडतच होते.

"आत काय केलंयस?" त्यांनी मला विचारलं.

"मसूर हाय. आणि दोडका."

"आण. मला बी वाढ." मग पंगतीकडं वळून म्हणाल्या, "तुम्ही खावा हो पावणं. बकरं काय वाया घालवायचं न्हाय."

एवढ्या दिवसांची वाट बघणारी ती बाई, समोर पातेलं उकळत असताना लेकाबरोबर दोडका जेवली. दोडक्याला नावं ठेवतच जेवली, पण जेवली.

तुला वाटेल, इथं माझी सुटका झाली. छे! आता आत्याबाईच पहाऱ्याला बसल्या. खाटकाला जाऊन सांगितलं, माझ्या लेकाला दिलंस तर याद राख. काकींच्या वाट्या दारातनंच परत. तालमीत तर स्वतः जाऊन आल्या, आणि ज्या लाजेपायी हे सगळं रामायण झालं, ती लाज भर चौकात धुतली. हे दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी तालमीचे वस्ताद दारात, काखेत दोन लांबलचक पडवळं. "पैलवान, आधी सांगायचं न्हाय व्हय?" एवढंच बोलले, पडवळं ठेवली आणि गेले. त्या आठवड्यात तालमीतनं इतकी भाजी आली, की मीच गल्लीत वाटली.

भावजी खानावळीत जाऊन खायचे. पोरगं काकींकडं खायचं. मी कुणाला अडवलं नाही. घरात मात्र शिजलं नाही. परड्यातल्या त्या चुलीवर आत्याबाईंनी अंघोळीच्या पाण्याचा हंडा चढवला.

आणि तुझे आजोबा? त्यांना भाजी शेवटपर्यंत आवडली नाही. रविवार आला की विचारायचे, "आज काय केलंयस?" मी सांगायची, आणि ते असा सुस्कारा सोडायचे, की माझं डोकं फिरायचं. पण तो सुस्कारा सोडायला माणूस समोर होतं. तुझ्या बापाचं लग्न बघितलं त्यांनी. तुला खांद्यावर घेऊन रंकाळ्यावर फिरले.

तेव्हा नवरा नाक मुरडतो म्हणून रडू नकोस. मुरडू दे. जेवतोय ना? नाकाचं नाक बघून घेईल. फक्त तुझं ते 'जमायचं नाही' मला परत ऐकवू नकोस. आणि त्याला घेऊन ये इकडं. गगनबावड्याचा कोवळा फणस मंडईत यायला लागलाय, थोडेच दिवस मिळेल. चिरायला तेल लावलेली विळी आणि चार हात लागतात, माझे दोन आता थकलेत. या रविवारीच या. हाड शोधायला लागला तर माझ्याकडं पाठव त्याला.