कोरडे तळवे

पोलादपूरच्या स्टँडवर कुडपणचा एक म्हातारा दर हिवाळ्यात मडक्यात भाजायच्या पोपटीसाठी वालाच्या शेंगा विकायला बसायचा. त्या डिसेंबरात मी बायकोने विणलेला स्वेटर मिरवत, घामाने निथळत त्याच्यापुढे उभा राहिलो. टोपलीत जेमतेम मूठभर शेंगा होत्या.

"यंदा थंडी नाही, बरंच झालं की बाबा," मी शहाणपणा पाजळला.

त्याने चपला काढून धुळीने माखलेले तळवे दाखवले.

"पहाटे शेतातनं चालून आलो, मास्तर. दरसाल दहिवरानं पाय भिजतात. वाल त्याच्यावरच जगतो. यंदा दहिवर नाय, फुलं गळतायत. थंडी परत आलीच नाय तर?"

दुसऱ्या पहाटे मी घरामागच्या गवतातून अनवाणी चाललो, तळवे चाचपले, आणि पुन्हा एकदा चालून पाहिलं.