बारा इंचांची नजर

माझी धाकटी बहीण रफू करते. त्याला शिवणकाम म्हणालात तर तुमची धडगत नाही. कपड्याच्याच आतल्या शिवणीतून धागा काढायचा, भोकावर एक उभा, एक आडवा विणत न्यायचा आणि शेवटी गिऱ्हाइकालाच विचारायचं, “सांगा, कुठे फाटलं होतं?” चाळीस वर्षं गिऱ्हाईक गप्प.

गेल्या वर्षी एका मास्तरांनी कोटावर अचूक बोट ठेवलं. “इथे.” एक धागा सुटला होता. तिने कोट ठेवून घेतला, रफू उसवलं आणि मला फोन केला.
“ताई, मी संपले.”
“काही संपली नाहीस. डोळे तपासायचेत. आवर, मी येतेय.”

मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनात डोळ्यात बसवायच्या भिंगाचं सगळं सांगितलं: लांबचं स्पष्ट दिसेल असं भिंग, जवळचं दिसेल असं, किंवा दोन्ही दाखवणारं, पण त्याने कधीकधी दिव्यांभोवती वलयं दिसतात, बारीक कामात नजर थोडी कमी पडते.

“लांबचंच बसवून घे, आई,” भाचा म्हणाला. “बहुतेक जण तेच घेतात. रस्ता दिसेल नीट.”
“रस्त्याला काय रफू करायचंय मला?”
मीही भाच्याचीच री ओढली. शिकलेली ना मी!

आमच्या बाईसाहेबांनी पिशवीतून तोच कोट, ओवलेली सुई आणि टेप काढली. नेहमीसारखी मान वाकवून बसली आणि मलाच दरडावलं, “बघतेस काय? माप घे. डोळ्यापासून सुईपर्यंत.”
“बारा इंच.”
“मला बारा इंचांवरचं द्या, डॉक्टर. बाकी जग चष्म्यातून बघेन.”
“समोरचा माणूस ओळखायलाही चष्मा लागेल हं.”
“माणसं आवाजावरून कळतात. धागा बोलत नाही.”
डॉक्टरीणबाईंनी आकडा लिहून घेतला.

महिन्याच्या अंतराने दोन्ही डोळे झाले. आता चष्मा डोक्यावर ढकललेला असला की ती रस्त्यात मला न ओळखता खुशाल पुढे निघून जाते. जाऊ दे.

मास्तर कोट न्यायला आले तेव्हा मी दुकानातच होते. “सांगा, कुठे फाटलं होतं?” त्यांनी कोट उलटापालटा केला, दारात उजेडात नेला, चष्मा पुसला. शेवटी बोट ठेवलं ते भलत्याच बाहीवर.
मलाही सापडलं नाही. आणि ते भोक तर मी स्वतः पाहिलं होतं.