आवळ्याखालचे मेहूण

त्या वर्षीच्या कार्तिकात देवाच्या कामाला वऱ्हाडात एक बैल मोकळा नव्हता. समुद्रापलीकडे कुठेशी लढाई जुंपली होती, तिथला कापूस अडला होता आणि म्हणून विलायतेच्या गिरण्यांना आमचा कापूस हवा होता, एवढे मी वर्तमानपत्रात वाचले होते. त्याचा माझ्या दारात झालेला परिणाम असा, की तीन कोस जायला मला बैलबंडी मिळेना. शेजारी, भाऊबंद, ज्यांच्या पोरांना मी शाळेत बाराखडी शिकवतो ते सगळे कापूस लादून निघालेले, कोणी अमरावतीच्या बाजाराला, कोणी अकोल्याच्या. आमचे गाव दोहोंच्या मधे, त्यामुळे धूळ दोन्हीकडची.

मला बंडी हवी होती ती माझ्या बायकोने जेवावे म्हणून. हे कोणाला सांगावे तर ऐकणारा तोंडाकडे बघत राही, म्हणून मी सांगणे सोडून दिले होते.

आमची एकुलती एक मुलगी वैशाखात तापाने गेली. सात वर्षांची होती. तिचे दिवसकार्य झाले आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या आईने अन्नाला हात लावला नाही. दूध, फळे, कधी शिंगाड्याची लापशी. आधी मला वाटले, दुःख आहे, ओसरेल. आषाढी आली तेव्हा तिने त्याला नाव दिले, म्हणाली, चातुर्मासाचा नेम धरला आहे, कार्तिकापर्यंत धान्य वर्ज्य. नेम म्हटल्यावर बोलायची सोय राहिली नाही. आश्विनात ती नदीवरून घागर अर्धीच भरून आणू लागली. वैद्यबुवांनी मला बाजूला घेऊन सांगितले, हिला धान्यावर आणा, नाहीतर हिवाळा काढणे कठीण आहे.

नेम सुटायचा तो उद्यापनाने. पूर्णेच्या पात्रात एक बेट आहे, त्यावर कुण्या जुन्या नवाबाने लावलेली बाग आहे, आणि बागेत आवळ्याची झाडे. दर कार्तिकात माझी आई तिथे आवळीभोजन करायची. आधी एका मेहुणाला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला, आवळ्याखाली पोटभर जेवू घालायचे आणि मग घरच्यांनी पान घ्यायचे. बायकोनेही तसेच ठरवले होते. मेहूण जेवून उठले की ती पहिला घास घेणार. पौर्णिमेपर्यंत हे झाले नाही तर नेम पुढल्या कार्तिकापर्यंत चालणार. हे तिने भाजी निवडता निवडता सांगितले आणि ती बोलते तशी वागते.

द्वादशीपासून मी बंडी शोधत होतो. होता होता पौर्णिमा उजाडली. त्या दिवशी पहाटेच गुरुजी, म्हणजे गावात पोथी सांगणारे आमच्याच जातीतले गृहस्थ, दारात आले. मेहूण म्हणून ते आणि त्यांच्या पत्नी यायचे ठरले होते, पण डोक्यावर नवे पागोटे बघूनच मी काय ते समजलो. गुरुजींनी त्या मोसमात पोथी बांधून ठेवून कापसाची दलाली धरली होती.

"मास्तर, आज काही जमत नाही. अकोल्याचा व्यापारी यायचा आहे."

"अहो, आज पौर्णिमा. शेवटचा दिवस."

"आवळा पुढच्या वर्षीही तिथेच राहील, मास्तर. भाव राहणार नाही."

एवढे बोलून ते गेलेसुद्धा. मी उंबऱ्यात उभा राहून जे बोललो ते देवाच्या नावाने होते, पण प्रार्थना नव्हती. आतून बायको पुरणपोळ्यांची दुरडी बांधून बाहेर आली. तिने सगळे ऐकले होते.

"चला," ती म्हणाली.

"मेहूण कोठी हाये?"

"भेटल तिकडे."

माझा चुलतभाऊ सखाराम कापूस लादून अकोल्याच्या वाटेला लागत होता. त्याची वाट नदीवरून जात होती. मी त्याची बंडी अडवली.

"बसाले जागा कोठी हाये, दादा? वर बसा मंग. कापूस हाये, गादीपेक्षा मऊ. वहिनी, दोर धरून ठेवजा, नाहीतर माह्या मालासंगं तुमचाही तोल होईल बाजारात."

गाठोड्यांच्या डोंगरावर दुरडी मांडीत घेऊन आम्ही नवराबायको बसलो. दर खड्ड्याला डोंगर एकीकडे कलत होता आणि माझा जीव दुसरीकडे. बायको समोर बघत होती. नाकातोंडात कापसाचे तंतू जात होते. येणारे-जाणारे बंडीवाले खालून सखारामला विचारत, "हे काय नवीन वाण हाये का गा?" आणि तो दर वेळी तितक्याच मोठ्याने हसे. नदीशी त्याने आम्हाला उतरवले आणि परतीचे मला विचारू नका, अकोल्याहून रिकाम्या बंड्या येतात त्यांतली एखादी धरा, असे सांगून तो निघून गेला.

गुडघाभर पाण्यातून आम्ही बेटावर गेलो. बाग आता नावाचीच आहे. दगडी हौद कोरडा, बारादरीच्या कमानी अर्ध्या पडलेल्या, कारंज्याच्या नळ्यांत मुंग्यांची वारुळे. पण आवळे मात्र फळांनी वाकलेले. इतर वर्षी कार्तिकात इथे प्रत्येक झाडाखाली चूल पेटलेली असे, मुले आरडाओरडा करीत. आमची मुलगी मागच्या वर्षी खाली पडलेले आवळे ओच्यात भरून सगळ्यांना वाटत फिरली होती. त्या दिवशी चिटपाखरू नव्हते. बायका, पोरे, म्हातारी, सगळा मुलूख कापूस वेचायला शेतात.

बायकोने आवळ्याच्या बुंध्याशी सारवले, हळदकुंकू वाहिले, दोन पाने मांडली आणि त्या पानांसमोर हात जोडून बसली. सूर्य डोक्यावर आला. पानांवर आवळ्याची बारीक पाने पडत होती, ती बायको वेचून टाकत होती.

"आता?" मी विचारले.

"येईल कोनी."

"कोन येईल? सारा वऱ्हाड कापसात हाये."

"येईल ना. तुमी उभे काहून? बसा."

मी बसलो नाही. बेटाच्या टोकाला महादेवाची लहानशी देवळी आहे, तिथे गेलो. मी शिकलेला माणूस, देवाशी भांडणे मला कधी जमले नाही, पण त्या दुपारी जमले. मी म्हणालो, धन मागत नाही, गेलेली मुलगी परत मागत नाही, फक्त फुकटचे जेवायला दोन माणसे मागतो आहे, तेही तुझ्याने होत नाही का? पिंडीवर वाहिलेले बेलपत्र ताजे होते. सकाळीच कोणी वाहून गेले असावे, हे माझ्या रागात ध्यानात यायला जरा वेळ लागला. देवळीच्या मागे धूर होता.

मागच्या आवळ्याखाली एक म्हातारा आणि म्हातारी बसली होती. पलीकडच्या काठावर त्यांचा भाजीपाल्याचा मळा होता. गोवऱ्यांच्या विस्तवातून रोडगे काढून ठेवलेले, वरण, कोहळ्याची भाजी आणि समोर दोन रिकामी पाने. मी हाक मारली तशी बायको दुरडी घेऊनच धावत आली. त्याच वेळी म्हातारीही उठली.

"देवानं धाडलं तुमाले," बायको म्हणाली.

"आली व माय, आली!" म्हातारी म्हणाली. "सकाळपासून डोळे लावून बसलो आमी. बसा, पानं मांडूनच हायेत."

"पानं आमीही मांडली. तुमी चला तिकडे."

आणि मग उलगडा झाला. तेही दरसाल मेहूण जेवू घालत आणि मेहूण जेवल्याशिवाय म्हातारी अन्नाला शिवत नसे. त्यांनाही त्या वर्षी कोणी मिळाले नव्हते. आम्ही कुणबी, ते माळी, एकमेकांच्या हातचे दोघांनाही चालत होते. अडचण एकच होती, दोघींनाही जेवायचे नव्हते, वाढायचे होते.

"मोठी सवाष्ण तुमी. आधी तुमचं पान."

"मी मोठी, मंग तू लेकरू. आधी लेकरू जेवते."

"माहा नेम हाये, मावशी."

"अन् माह्या नेमाचं काय मी लोणचं घालू?"

मी मधे पडलो. म्हटले, चौघेही एका पंगतीला बसू, देव समजून घेईल. दोघी एकदम माझ्यावर उलटल्या. दोन्ही जोड्या पानावर बसल्या तर वाढील कोण, असे म्हातारीने विचारले आणि माझ्या बायकोने मान हलवली. इतक्या वेळात दोघींचे एकमत झाले ते एवढ्याच एका गोष्टीवर.

म्हातारा तंबाखूला चुना लावून मळत बसला होता. "मास्तर हा न तुमी? मंग शिकवा याहिले. नसल जमत तर तंबाकू घ्या. उपासाले चालते."

उन्हे कलली. रोडग्यांवरचे तूप थिजले. बायको ऐकेना, म्हातारी ऐकेना. मी तिला विनवले, दटावले, शेवटी वैद्यबुवा काय म्हणाले तेही परक्या माणसांसमोर बोलून गेलो. तिने पदर नीट केला आणि म्हणाली, "मेहूण जेवल्याबिगर नाई." मला रडू आले असते तर बरे झाले असते. आला तो फक्त संताप, तिचा, म्हातारीचा, गुरुजींचा आणि त्या पिंडीचा.

तेव्हा म्हातारी एकदम खाली बसली. भांडण संपले म्हणून नव्हे, तिच्यात त्राण उरले नव्हते. तिने दोन्ही हात पोटावर ठेवले, माझ्या बायकोकडे वर पाहिले आणि म्हणाली,

"मले भूक लागली, माय."

त्यात टोमणा नव्हता, युक्ती नव्हती. लहान पोर सांगते तसे तिने सांगितले.

वैशाखात मुलीला ताप होता तेव्हा वैद्यबुवांनी लंघन सांगितले होते. तापात सगळेच सांगतात. उकळलेल्या पाण्याशिवाय काही द्यायचे नाही. त्या दिवसांत आमच्या घरात एकच वाक्य ऐकू येत होते, आधी मोठ्याने, मग हळू, आणि तिची आई तिचे हात धरून बसे आणि पाणी पाजी. मुलगी बरी व्हावी म्हणूनच तिने दिले नाही. मुलगी गेली ती उपाशीच गेली. म्हातारीने म्हटलेले शब्द अगदी तेच होते.

बायकोने दुरडी माझ्या हातात दिली आणि ती म्हातारीने मांडलेल्या पानावर जाऊन बसली.

"वाढा मावशी," ती म्हणाली. "मी जेवते. मंग तुमी लगेच बसा."

म्हातारीने रोडगा फोडला, वरण ओतले, वर तूप घातले. बायकोने पहिला घास घेतला आणि तिला ठसका लागला. सहा महिन्यांत गळ्याला सवय उरली नव्हती. म्हातारीने पाठीवर थोपटले. "हळू, हळू. तुह्या पानातलं कोनी पळवत नाई." मी तिच्या शेजारच्या पानावर बसलो होतो. मी काय खाल्ले ते मला आठवत नाही, ती काय खात होती तेवढेच बघत होतो. तिने पानावर काही ठेवले नाही.

हात धुऊन ती उठली ती सरळ दुरडीकडे गेली. म्हातारा-म्हातारी पानावर बसली आणि ती वाढू लागली. म्हातारी खरोखर भुकेली होती, बोलण्याला वेळ नसल्यासारखी जेवत होती. पोळी संपली की बायको विचारी, "आनखी?" म्हातारी मान हलवी, "वाढ." पुन्हा "आनखी?" पुन्हा "वाढ." म्हातारा म्हणाला, "पुरे कर व, फुटशील," तरी ती वाढत होती आणि म्हातारी घेत होती. माझ्या बायकोच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते पुसायला तिचा हात रिकामा नव्हता.

यात चमत्कार काही नाही, हे मला कळते. ती दोघे दरसाल तिथे येत होती, आणि भूक लागली की वऱ्हाडातला कोणीही माणूस त्याच शब्दांत सांगतो. मी कोणाला काही पटवून देऊ इच्छित नाही. मात्र त्या दिवशी माझ्या तोंडावर जे जे दार लागले, त्यातले एक जरी उघडले असते, गुरुजी जरी आले असते, तरी आम्ही आमच्या झाडाखाली मेहूण उरकून घरी परतलो असतो आणि देवळीमागचा धूर मी पाहिला नसता. नेम यथासांग सुटला असता, पण नेमाच्या आत जे अडकले होते ते सुटले असते का, मला शंका आहे. मला वाटे, घट्ट धरून ठेवणे म्हणजेच भक्ती. तिने मात्र इतके महिने धरलेले समोरच्या भुकेल्या माणसासाठी एका क्षणात खाली ठेवले. मी ज्याला अडवणूक म्हणून शिव्या दिल्या त्याचे आज उपकार मानतो. शिव्या दिल्या त्याही त्याने ऐकून घेतल्या असतील, असे धरून चालतो.

संध्याकाळी चंद्र वर आला तेव्हा अकोल्याकडून एक रिकामी बंडी आली. गाडीवान आमच्या गावचाच होता. आम्हाला बसवून घेतल्यावर त्याने मागे वळून विचारले, "काय मास्तर, उद्यापन झालं का? मेहूण कोन भेटलं मंग? जेवलं कोन?"

काय सांगावे, मी विचार करू लागलो. वैशाखापासून गावातल्या कोणाशी एक शब्द न बोललेली माझी बायको मागून म्हणाली,

"मी जेवली."