नको म्हणायची सोय

डोंबिवली पूर्वेच्या एका पोळीभाजी केंद्रात माझी आई पोळ्या लाटते. माजिवड्याच्या ज्या छोट्या कंपनीत मी इंटर्नशिप करत होते, तिला त्याच केंद्राचं ऑर्डर घेण्याचं अ‍ॅप करायचं काम मिळालं. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मी तेच मागून घेतलं.

कॉलेजात आम्हाला अ‍ॅक्टिव्हिटी थिअरी होती. तिचं म्हणणं असं, की नुसता माणूस आणि यंत्र बघू नका. माणूस काय साधायला बघतोय, कोणत्या साधनाने, कोणते नियम पाळून, कोणासोबत, आणि काम कसं वाटून घेऊन, हे सगळं एका त्रिकोणात मांडून एकत्र बघा. वर्गाने तो त्रिकोण पाठ केला आणि परीक्षेनंतर सोडून दिला. मला तो आवडलेला. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. पुस्तकात आईच्या कामासारखं काहीतरी मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. प्रोजेक्टचे गाइड सर म्हणाले, "छान आहे, पण त्रिकोणावरून स्क्रीन कसा काढणार?" ते मलाही माहीत नव्हतं.

मी केंद्रात जाऊन बसायला लागले. "इथले नियम काय?" असं विचारलं तर बायका म्हणाल्या, "नियम कसले, वहिनी सांगतील ते." वहिनी म्हणजे मालकीण. मग मी प्रश्न बदलला. "काय केलं तर कोण चिडेल?" त्यावर सगळ्या एकदम बोलायला लागल्या. 'कामाची वाटणी' याऐवजी मी विचारलं, "तुम्ही आला नाहीत तर कोणाचं अडतं?" असा त्रिकोणाचा एकेक कोपरा मी आईला उत्तर देता येईल अशा प्रश्नात उतरवला. आतापर्यंत शिकलेल्या गोष्टींत एवढीच मला माझी वाटते.

त्यातूनच एक गोष्ट कळली. फोन घेणारी मावशी ऑर्डर परस्पर घेत नसे. फोनवर हात ठेवून ती आत वळायची.

"बायांनो, अजून वीस घेऊ का?"

"घे."

"घे, पण भाकऱ्या नको."

"तुझ्या सासूला बोलव लाटायला, मग घे."

कोणीच बोललं नाही, तर ती फोनवर सांगायची, "आजचं संपलं हो ताई." वहिनी बाहेर काउंटरवर असायच्या. त्यांनी याला कधी हरकत घेतली नाही.

अ‍ॅप आल्यावर फोन जाणार होता आणि त्याबरोबर हे विचारणंही. म्हणून मी एक स्क्रीन काढला. ऑर्डर पक्की होण्याआधी आत बायकांसमोर ठेवायच्या टॅबवर मोठ्या अक्षरांत 'घेऊ' आणि 'नको'. बायकांनी कागदावरच बोटं दाबून बघितली आणि हसल्या.

कंपनीतल्या मीटिंगला वहिनीही आल्या होत्या. टीम लीड म्हणाला, "म्हणजे गिऱ्हाईक थांबणार आणि तुझ्या मावश्या ठरवणार?"

वहिनी म्हणाल्या, "अगं, मी त्यांना कधी जबरदस्ती केलीये? त्यासाठी बटण कशाला?"

"पण मॅडम, फोन नसेल तर त्यांना विचारणार कोण?"

टीम लीड म्हणाला, "रिपोर्टमध्ये टाक ना. फ्युचर स्कोपमध्ये, पुढे कधीतरी करायचं म्हणून."

अ‍ॅप सुरू झालं. शीळफाट्याच्या नव्या टॉवरमधून ऑर्डरी यायला लागल्या. टॅब वाजतो तेव्हा ऑर्डर घेतलेलीच असते. फोनवरची मावशी आता डबे भरते. आई सुरुवातीला सगळ्यांना सांगायची, "हे माझ्या लेकीचं." मग एक जण तिला म्हणाली, "तुझ्या लेकीच्या शिक्षणाला आमची मनगटं लागली गं." तेव्हापासून आईने सांगणं बंद केलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "वापरणारे समाधानी आहेत?"

"नाही सर."

"का?"

"त्यांना नको म्हणता येत नाही."

"कोणाला येतं?" ते हसले, गाइड सरही हसले, आणि पान उलटलं. मार्क चांगले पडले.

घरी आले तेव्हा आई मनगटाला बाम चोळत होती.

"काय म्हणाले सर?"

"चांगलं झालंय म्हणाले."

"ते बायांना विचारायचं सांगितलंस ना त्यांना?"

"सांगितलं."

"मग आता घालतील ना ते बटण?"

ती काय विचारतेय ते मला आधी कळलंच नाही. कॉलेजातल्या मोठ्या सरांनी पास केलं, की कंपनीला ते करावंच लागतं, अशी तिची समजूत होती. बायकांनाही तिने तेच सांगून ठेवलेलं, पोरीची परीक्षा होऊ दे, मग होईल.

"आई, त्यांचा कंपनीशी काही संबंध नसतो. ते फक्त मार्क देतात."

तिने बामच्या डबीला झाकण लावलं. मग म्हणाली, "मग बायांना काय सांगू?"