शिडी आणि शंभर आठपाये

रंगकामाला बोलावलेला माणूस घरात शिरला की आधी भिंती बघतो. हा रंगारी आधी कोपरे बघायचा. शिडी लावायची, वर चढायचं, खिशातून काचेचा पेला आणि एक जुनं पोस्टकार्ड काढायचं, कोपऱ्यातल्या कोळ्यावर पेला ठेवायचा, खालून कार्ड सरकवायचं आणि त्या पाहुण्याला खिडकीबाहेर नेऊन सोडायचं. मगच ब्रशला हात. एका खोलीमागे यात अर्धा तास सहज जायचा. गिऱ्हाइकं कुरकुरायची, पण त्याने लावलेला रंग दहा वर्षं हलत नसे, त्यामुळे पुन्हा बोलावायचीही त्यालाच.

सोडण्याआधी तो पेला उजेडात धरून भिंगातून बघे आणि नवी जात निघाली तर वहीत नोंद करी. नंबर, तारीख, कुठे सापडला, रंग, आणि डोळ्यांची मांडणी. कोळ्याला बहुधा आठ डोळे असतात आणि ते कसे मांडलेत त्यावरून घराणं कळतं, हे त्याने कुठल्याशा मासिकात वाचलं आणि तिथेच तो फसला. पुढे विंचूही वहीत आले. दिवसाउजेडी एखाद्या बंद अंधाऱ्या कोठीत शिरून तो जांभळ्या उजेडाची बॅटरी मारी आणि पोत्यांमागचा विंचू हिरवट निळा चमकला की बाहेर येऊन घरमालकाला कौतुकाने बोलावी. घरमालक अर्थातच येत नसे. या सगळ्या मंडळींना तो 'आठपाये' म्हणे.

त्याचा जोडीदार बुटका, गोल आणि बोलका. वीस वर्षांपूर्वीच दोघांची वाटणी झाली होती: छातीच्या वरची भिंत रंगाऱ्याची, खालची जोडीदाराची. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर जोडीदाराला देव आठवत. आठपायांबद्दल त्याचं मत एवढंच, की ज्याला दोन पाय पुरत नाहीत त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

चार वर्षांपूर्वी रंगारी शिडीवरून पडला. गुडघा मोडला, पाय दोन महिने प्लास्टरमध्ये. लेक एका दवाखान्यात परिचारिका, तिने एक्स-रे बघून बापाला काय सांगायचं ते सांगितलं. बायकोने काही सांगितलं नाही, ती फक्त रोज रडायची, आणि ते त्याला जास्त लागलं. शेवटी एकदा तो म्हणाला, "वहीत शंभर जाती होऊ दे, मग शिडीला हात लावणार नाही. शब्द देतो." तेव्हा वहीत एकतीस होत्या. शंभर काही आपल्या हयातीत होत नाहीत, असा त्याचा पक्का हिशेब होता.

पण हौशी माणसाचं दुर्दैव असं, की त्याला सापडत जातं. साठ झाल्या, ऐंशी झाल्या, आणि यंदा नव्याण्णववर गाडी येऊन थांबली. थांबली ती आठ महिने. खोटी नोंद किंवा लपवाछपवी त्याच्या रक्तात नव्हती, पण कोपऱ्याकडे बघायचं मात्र त्याने कमी केलं होतं. बायकोच्या नजरेतून हे सुटलं नाही.

"अहो, हल्ली तुमच्या आठपायांनी गाव सोडलं की काय?"

"थंडी आहे. लपून बसतात."

"उन्हाळ्यातही हेच म्हणाला होतात."

मग एका शनिवारी लेक दवाखान्यातून आली ती गोळ्यांची रिकामी डबी घेऊन. घरच्या खिडकीतल्या कुंडीत, पांढऱ्या फुलावर, तसाच पांढराशुभ्र कोळी बसला होता. खेकड्यासारखा आडवा चालत होता. तिने तो अलगद डबीत घेतला आणि बापापुढे धरला. "बाबा, हा तुमच्याकडे नाहीये. मी वही बघून आले."

रंगाऱ्याने भिंग लावलं. नव्हताच. त्याने पेन काढलं, शंभर आकडा घातला, नोंद पूर्ण केली आणि डबी कुंडीत रिकामी करायला स्वतः गेला. लेक आनंदात होती. बायकोने नुसतंच विचारलं, "सोमवारच्या कामाला शिडी लागणार आहे का?" तो म्हणाला, "बघू."

लेकीने त्याच उत्साहात कॉलेजातल्या प्राध्यापक बाईंना रविवारी बोलावलं. बाई कोळ्यांच्या जाणकार. रंगारी त्यांना अधूनमधून डोळ्यांची चित्रं पोस्टाने पाठवी आणि त्या उत्तर देत, पण सबंध वही त्यांनी पाहिली नव्हती. त्या आल्या, चहाचा कप बाजूला ठेवला आणि वाचायला लागल्या.

"हा चौदा नंबर, काळा, पांढरे पट्टे," बाई म्हणाल्या. "आणि हा सदतीस, मातकट. दोघं कुठे सापडतात?"

"एकाच भिंतीवर असतात बऱ्याचदा. शेजार असावा."

"शेजार नाही, संसार आहे. पट्टेवाला नर, मातकट मादी. तोंडाजवळच्या मिशीला बोंडं काढलीत ना तुम्ही? ती नराचीच असतात."

रंगाऱ्याने कपाळाला हात लावला. नराची बोंडं त्याने इतकी सुबक काढली होती, की त्यांचा अर्थ विचारायचं कधी सुचलंच नाही. बाईंनी पेन्सिल घेतली. अकरा नवरे वेगळी जात म्हणून नोंदले होते. आठ ठिकाणी वयात न आलेली पिल्लं होती. "विंचवांत मात्र एकही चूक नाही," त्या म्हणाल्या आणि खाली आकडा लिहिला: एक्क्याऐंशी.

लेकीचं तोंड उतरलं. रंगाऱ्याला आधी लाज वाटली, खरीच वाटली. वीस वर्षं भिंगातून बघून नवरा-बायको ओळखता येऊ नयेत म्हणजे काय. पण ती लाज अर्धा घोट चहा टिकली. मग त्याच्या मनात वजाबाकी झाली. अजून एकोणीस.

"असू दे, असू दे," तो म्हणाला. "चूक ती चूक. वही खोटं बोलता कामा नये." आणि मिशीआड लपवायला गेलेलं हसू त्याच्या कानापर्यंत पोचलं.

बायकोने ते पाहिलं. बाई गेल्यावर तिने वही ओढून घेतली आणि 'कुठे सापडला' हा रकाना मोठ्याने वाचायला सुरुवात केली. डब्याखाली. उंबऱ्यापाशी. खिडकीच्या गजावर. मोरीजवळ. जेवताना, पायावर. पान उलटत ती बोटांवर मोजत होती. शिडीवरून सापडलेले निघाले सात.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," ती म्हणाली. "आठपाये तर सगळे खालीच आहेत. मग तुम्ही वर कशाला जाता?"

उत्तर रंगाऱ्याला माहीत होतं आणि ते बायकोला सांगायचंच नव्हतं.

"वर असलो की मी अजून कामाचा आहे असं वाटतं," तो शेवटी म्हणाला. "खाली उतरलो की मी म्हातारा."

"तुम्ही पडलात तेव्हा मी भाजी निवडत होते," बायको म्हणाली. "अजून दारावर कुणी थाप मारली की माझ्या हातातली भाजी गळते. चार वर्षं झाली." तिने वही मिटून त्याच्या हातात दिली. "एकोणीस मोजायचे तर मोजा. मी अडवणार नाही."

अडवलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

सोमवारी एका रिकाम्या घराचं काम होतं. रंगाऱ्याने शिडी भिंतीला लावली, नीट हलवून बघितली आणि जोडीदाराला म्हणाला, "आजपासून वरचं तुझं."

"चेष्टा करतोस?"

"शिडी मी धरतो. चढ."

जोडीदाराने आधी शिडीला, मग रंगाऱ्याला आणि मग नशिबाला शिव्या घातल्या. दोन्ही हातांनी शिडी आवळत, पायरीपायरीला थांबत तो वर गेला.

"अरे, इथे कोपऱ्यात एक बसलाय. फडक्याने पुसू?"

"पुसू नको!" म्हणत रंगाऱ्याने पेला काढला आणि त्याचा पाय पहिल्या पायरीवर पडलासुद्धा. गुडघा वाकला. भाजी निवडणारे हात त्याच्या डोळ्यांपुढे आले. त्याने पाय खाली घेतला आणि शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"कसा आहे ते सांग," तो म्हणाला. "डोळे बघ. कसे मांडलेत?"

"मी कोळ्याचे डोळे बघू?"

"मला इथून दिसत नाहीत."

वर शिडी थोडी करकरली. जोडीदार पुढे वाकत होता.

"थांब, हलू नकोस," तो हळूच म्हणाला, आणि ते कुणाला म्हणाला ते कळेना. "पुढे दोन मोठे आहेत. बाजूला दोन बारीक. आणि हा माझ्याकडेच बघतोय रे."